घरच्या संगणकावर ब्राउझर कोणता ठेवावा?



मागे बोधेगावच्या बाजूला एका बैठकीला गेलो होतो. विषय तुरीवरील शेंगा पोखरणाऱ्या अळीचा होता. फेरोमोन सापळे किती लावावेत, फवारणी केव्हा घ्यावी, हे सांगून झाले. चहा झाला. मंडळी उठू लागली, तेव्हा मागच्या ओळीतल्या एक भगिनी पुढे आल्या आणि म्हणाल्या, "साहेब, अळीचे औषध कळले. आता आमच्या कम्प्युटरचे औषध सांगा."

प्रश्न गमतीचा वाटला, पण गोष्ट गमतीची नव्हती. आदल्या वर्षी त्यांचे यजमान वारले. वारस नोंद होऊन फेरफार मंजूर झाला होता. सोसायटीचे कर्ज नवे-जुने करायचे म्हणून सातबारा हवा होता. मुलगा नगरला शिकत असताना घेतलेला संगणक घरी होता. आता मुलगा पुण्याला नोकरीला लागला, संगणक घरीच राहिला. त्यावर भूलेखाचे पान उघडायला जावे तर लाल खूण येई आणि पुढे काहीच होत नसे. सरकारीच काय, कुठलेही पान उघडेना. एका दुकानदाराला दाखवला. त्याने न उघडताच सांगितले, "हा जुना झाला. भंगारात घाला आणि नवा घ्या." नव्याची किंमत पस्तीस हजार. गोठ्यात दोन महिन्यांवर आलेली कालवड होती, तिचा सौदा ठरत आला होता.

मी त्यांच्या घरी गेलो. संगणक सुरू केला आणि पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात खाली नजर टाकली. तारीख होती १ जानेवारी २००९.

दुखणे तेवढेच होते. संगणकाच्या आत मोठ्या पाटीवर रुपयाच्या नाण्यासारखा एक सेल असतो. वीज गेली तरी संगणकाचे घड्याळ त्या सेलवर चालते. तो पाच-सात वर्षांत मरतो. मग दरवेळी संगणक सुरू केला की घड्याळ मागे कुठेतरी जाऊन बसते. आता घड्याळाचा आणि सातबाऱ्याचा संबंध काय, असे तुम्ही विचाराल. संबंध आहे. प्रत्येक भरवशाच्या संकेतस्थळाकडे आपली ओळख पटवणारा एक दाखला असतो. त्यावर 'या तारखेपासून या तारखेपर्यंत' अशी मुदत असते, जशी बियाण्याच्या पिशवीवर असते. आपला संगणक म्हणतो आज २००९ साल आहे, आणि दाखला तर पुढच्या सालापासून सुरू होणारा आहे. मग तो दाखला खोटा समजून दार लावून घेतो. त्यात त्याची चूक काही नाही.

मला वाईट वाटले ते वेगळ्याच गोष्टीचे. त्या लाल खुणेखाली इंग्रजीत स्वच्छ लिहिलेले होते की तुमचे घड्याळ मागे आहे. दुकानदाराने ते वाचले नाही, आणि या बाईंना वाचता आले नाही. त्या सातवीपर्यंत शिकलेल्या. हे साप्ताहिक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात. तोच मजकूर मराठीत असता तर कालवडीचा सौदा करायची पाळीच आली नसती.

म्हणून ब्राउझर कोणता घ्यावा या प्रश्नाला माझे उत्तर नाव सांगून सुरू होत नाही. तुमच्या यंत्रावर ज्याला आजही डागडुजी मिळते आणि जो तुमच्याशी मराठीत बोलतो, तो घ्यावा. आता हे जरा फोड करून सांगतो.

ब्राउझर म्हणजे काय ते आधी पाहू. इंटरनेट म्हणजे ब्राउझर नव्हे, आणि गूगल म्हणजेही ब्राउझर नव्हे. पुष्कळांची इथे गल्लत होते. इंटरनेट हा रस्ता धरा. भूलेख, पीक विमा, महाडीबीटी ही त्या रस्त्यावरची ठिकाणे. ज्या गाडीत बसून तुम्ही तिथे जाता ती गाडी म्हणजे ब्राउझर. गाडी बदलली म्हणून गाव बदलत नाही. क्रोममधून पाहा, फायरफॉक्समधून पाहा, सातबारा तोच दिसतो. गाडीला पैसे पडत नाहीत, सगळे प्रमुख ब्राउझर फुकट आहेत. कोणी ब्राउझर बसवून देण्याचे पाचशे रुपये मागितले तर ते त्याच्या हातमजुरीचे समजा, मालाचे नव्हे.

मी राहुरीच्या विद्यापीठातून कृषी पदवी घेतली तेव्हा यातले काहीच नव्हते. आपल्या देशात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळू लागले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून, विदेश संचार निगममार्फत. पुढे १९९८ साली कोल्हापूर भागात वारणा सहकारी समूहाच्या गावांत संगणक केंद्रे काढण्याचा मोठा प्रयोग झाला. सत्तर गावे घेतली होती. उद्देश फार चांगला होता, पण ऊस उत्पादकाला खरी गरज होती ती आपल्या उसाचे वजन आणि हिशेब कळण्याची. काही वर्षांनी तिथल्या काही केंद्रांत संगणकाच्या जागी साध्या मोबाइलवरच्या संदेशांनी तेच काम करून पाहिले, आणि ते स्वस्तात झाले. हे सांगण्याचे कारण असे की, घरात संगणक आहे म्हणून प्रत्येक काम त्यावरच करावे असा माझा आग्रह नाही. ई-पीक पाहणी मोबाइलवरच, बांधावर उभे राहून करायची असते. पण लांबलचक अर्ज भरणे, कागद जोडणे, सातबारा छापणे ही कामे मोठ्या पडद्यावर सोपी जातात.

त्या काळी इंटरनेट एक्सप्लोरर नावाचा ब्राउझर विंडोजबरोबर येई. मराठी वर्तमानपत्रांची पाने आपापल्या निराळ्या अक्षरवळणात असत आणि त्यांपैकी कित्येक फक्त त्यातच नीट दिसत, इतर ठिकाणी नुसती चित्रविचित्र चिन्हे. त्यामुळे जुन्या लोकांच्या मनात ते निळे 'ई' पक्के बसले आहे. बंधूंनो, ते आता सोडा. १५ जून २०२२ रोजी मायक्रोसॉफ्टने तो ब्राउझर निवृत्त केला. आता मराठी मजकूर युनिकोडमध्ये असतो आणि कुठल्याही चालू ब्राउझरमध्ये सारखाच दिसतो.

आज आपल्या तालुक्यात घरोघरी जे दिसतात ते गूगलचा क्रोम, मायक्रोसॉफ्टचा एज आणि मोझिलाचा फायरफॉक्स. कोणी ब्रेव्ह किंवा ऑपेरा वापरतो. झोहो या भारतीय कंपनीचा उला नावाचा ब्राउझरही २०२३ पासून आहे. आता एक आतली गोष्ट सांगतो. क्रोम, एज, ब्रेव्ह, ऑपेरा आणि उला या सगळ्यांचे मूळ एकच आहे, त्याला क्रोमियम म्हणतात. आपल्याकडे नाही का, एकच वाण चार कंपन्यांच्या चार पिशव्यांत येतो आणि शेतकरी दुकानात उभा राहून पिशवीवरचे चित्र पाहत बसतो? तसेच हे आहे. तेव्हा क्रोम चांगला की एज चांगला यावर घरात वाद घालू नका. फायरफॉक्सचे वाण मात्र खरोखर वेगळे आहे.

याचा उपयोग असा. घरात दोन ब्राउझर ठेवावेत, एक क्रोमियमच्या घराण्यातला आणि दुसरा फायरफॉक्स. एखादा सरकारी अर्ज एकात अडला तर दुसऱ्यात उघडून पाहावा. पुष्कळदा काम होऊन जाते. मुदतीच्या शेवटच्या दिवशी संकेतस्थळच थकलेले असेल तर मात्र दोन काय, दहा ब्राउझर ठेवून उपयोग नाही. खरीप विम्याचा अर्ज जुलैच्या शेवटच्या तारखेला रात्री भरायला बसणाऱ्यांना मी हे दरवर्षी सांगतो.

आता डागडुजीविषयी. ब्राउझर करणाऱ्या कंपन्या दर काही आठवड्यांनी त्याची नवी आवृत्ती काढतात. चोरांनी शोधलेली भोके त्यात बुजवलेली असतात. पण जुन्या विंडोजवर ही डागडुजी येणे बंद होते. विंडोज ७ ला मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० रोजी सोडले. क्रोमने फेब्रुवारी २०२३ मध्ये सोडले, म्हणजे विंडोज ७ वर क्रोम १०९ क्रमांकापाशीच थांबला. तो उघडतो, चालतो, म्हणून आपल्याला वाटते सगळे ठीक आहे. ते ठीक नाही. कुंपणाला पडलेले भगदाड कोणी बुजवत नाही, एवढाच त्याचा अर्थ. फायरफॉक्सने मात्र अशा जुन्या यंत्रांसाठी ११५ क्रमांकाची खास आवृत्ती ठेवली आणि क्रोम थांबल्यावरही काही वर्षे तिला डागडुजी पुरवली. बोधेगावकडच्या त्या भगिनींचा संगणक विंडोज ७ चाच होता. मी त्यावर फायरफॉक्सची तीच आवृत्ती बसवली. हीसुद्धा कायमची सोय नाही, हे त्यांना तिथेच सांगितले. विंडोज १० लाही मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी निरोप दिला, पण त्यावरचे ब्राउझर त्या दिवशी लगेच थांबले नाहीत. तेव्हा कोणी घाई करून नवे यंत्र गळ्यात मारत असेल तर दोन दिवस थांबा.

जुन्या यंत्राला आणखी एक उपाय आहे. विंडोज काढून लिनक्स घालावे. लिनक्स मिंट फुकट मिळते आणि त्यात फायरफॉक्स आधीच असतो, तोही ताजा. संगणक शिकणारा मुलगा-मुलगी गावात असेल तर त्यांच्याकडून एका रविवारी होण्यासारखे काम आहे. फक्त आधी घरातले फोटो आणि कागद पेन ड्राइव्हवर काढून घ्यावेत. एका ठिकाणी घाईत हे राहिले आणि नातवाच्या बारशाचे सगळे फोटो गेले. आजीबाई माझ्याशी अजून नीट बोलत नाहीत.

आपला ब्राउझर ताजा आहे की नाही हे कसे पाहावे? क्रोममध्ये उजव्या कोपऱ्यात वर तीन टिंबे असतात. ती दाबा, 'मदत' मध्ये जा, आणि 'गूगल क्रोमबद्दल' उघडा. तो स्वतःच तपासतो आणि नवी आवृत्ती असल्यास उतरवून घेतो. फायरफॉक्समध्ये तीन टिंबांच्या जागी तीन आडव्या रेघा असतात, बाकी रीत तीच. मोबाइलचे इंटरनेट संगणकाला जोडून वापरत असाल तर हे काम डेटा शिल्लक असेल त्या दिवशी करा. पण टाळू नका.

तुमच्या पडद्यावर 'मदत' असा शब्द दिसलाच नाही, सगळे इंग्रजीत दिसले, तर आधी भाषा बदला. मी ज्या ज्या घरी संगणक पाहतो तिथे निम्मा वेळ याच कामात जातो. क्रोम, एज आणि फायरफॉक्स तिन्ही मराठीत मिळतात. सेटिंगमध्ये भाषांची यादी असते, त्यात मराठी जोडावी आणि ब्राउझर याच भाषेत दाखवावा असे सांगून तो एकदा बंद करून उघडावा. पहिले दोन दिवस शिकलेल्या मुलांना ते मराठी शब्द विचित्र वाटतात आणि ती परत इंग्रजी करून टाकतात. त्यांना करू देऊ नका. संगणक त्यांच्या आईनेही वापरायचा आहे.

भाषेबरोबर आणखी एक सोय सांगतो. एजमध्ये समोरचे पान मोठ्याने वाचून दाखवणारी सोय आहे, आणि तिला मराठी आवाज आहेत. ज्यांना बारीक अक्षर दिसत नाही अशा वडीलधाऱ्यांना हवामानाचा सल्ला किंवा बातमी ऐकता येते. इंटरनेट मात्र चालू लागते. क्रोममध्ये इंग्रजी पानाचे मराठी भाषांतरही होते. ते वाचायला वापरावे. पण औषधाचे प्रमाण, पैसे आणि तारीख या तीन गोष्टी मूळ पानावर पाहिल्याशिवाय खऱ्या धरू नयेत. भाषांतर करणारे यंत्र कधी कधी पिकाचे नावही बदलून टाकते.

आता ज्या दोन गोष्टींनी लोक सर्वांत जास्त अडतात त्या सांगतो. भूलेखावर गाव, गट नंबर, मोबाइल नंबर सगळे भरले, पुढचे बटण दाबले, आणि काहीच झाले नाही. पुन्हा दाबले, पुन्हा तेच. सातबारा नव्या खिडकीत उघडतो आणि ब्राउझर अशा आपोआप उघडणाऱ्या खिडक्या अडवून धरतो, म्हणून असे होते. वर पत्त्याच्या पट्टीच्या टोकाला एक बारीक खूण येते. ती दाबून या एका संकेतस्थळापुरती परवानगी द्यावी. सरसकट सगळ्यांना देऊ नये. दुसरी अडचण डिजिटल सहीच्या सातबाऱ्याची. १ मे २०१८ पासून आपल्या राज्यात तो मिळू लागला. फुकट दिसणारा सातबारा केवळ माहितीसाठी असतो, कामाला चालतो तो सहीचा. पैसे भरून तो उतरवला की ब्राउझरमध्ये सहीच्या जागी कधी प्रश्नचिन्ह दिसते आणि लोकांना वाटते आपण फसलो. बहुतेक ब्राउझर कागद फक्त दाखवतात, सही तपासत नाहीत, म्हणून ते चिन्ह दिसते. सातबाऱ्यावर पडताळणीचा क्रमांक छापलेला असतो, तो त्याच सरकारी संकेतस्थळावर घालून पाहिला की खरे-खोटे कळते. बँकेतल्या किंवा सोसायटीतल्या कोणी त्या चिन्हावरून कागद परत केला तर हाच क्रमांक त्यांना दाखवावा.

यापेक्षा मोठा धोका पत्त्याचा आहे. ब्राउझर कितीही चांगला असला तरी चुकीच्या दारात गाडी उभी केली तर तो काय करणार? सौर पंपाच्या कुसुम योजनेच्या नावाने खोटी संकेतस्थळे निघाली आणि त्यांनी नोंदणीचे पैसे गोळा केले. केंद्राच्या मंत्रालयाला त्याविरुद्ध वेळोवेळी इशारे द्यावे लागले. माझ्या ओळखीच्या एका शेतकरी बंधूने असेच साडेपाच हजार भरले. पान हुबेहूब, वर मंत्र्यांचे फोटो, खाली अशोकस्तंभ. मी पत्ता पाहिला तर शेवट 'डॉट कॉम'.

म्हणून वरच्या पट्टीतला पत्ता वाचायची सवय लावा. पहिल्या तिरप्या रेघेच्या आधीचा शेवट पाहावा. सरकारी संकेतस्थळ 'डॉट गव्ह डॉट इन' किंवा 'डॉट एनआयसी डॉट इन' ने संपते. भूलेख महाभूमी डॉट गव्ह डॉट इनवर आहे, महाडीबीटी महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इनवर, पीक विमा पीएमएफबीवाय डॉट गव्ह डॉट इनवर आणि शेतकरी ओळख क्रमांकाची नोंदणी ॲग्रीस्टॅक डॉट गव्ह डॉट इनवर. 'गव्ह' हा शब्द नावात मध्येच कुठेतरी असून चालत नाही, शेवटी पाहिजे. याला अपवाद आहेत. महावितरण ही कंपनी असल्याने तिचा पत्ता महाडिस्कॉम डॉट इन असा संपतो आणि तो खरा आहे. अशा वेळी वीज बिलावर छापलेला पत्ता पाहून घ्यावा. पत्त्याशेजारी कुलूप किंवा तशी सुरक्षिततेची खूण दिसली म्हणजे माणूस खरा, असेही समजू नका. त्या खुणेने वाटेत कोणी ऐकत नाही एवढेच कळते, समोरचा चोर आहे की साव ते कळत नाही.

नेमाने लागणारी ही पाच-सहा पाने एकदा खात्री करून ब्राउझरमध्ये खूण घालून ठेवावीत. त्यासाठी पट्टीच्या टोकाला चांदणी असते. मग दरवेळी शोधत बसायला नको, कारण शोधताना वर येणारे पहिले नाव बऱ्याचदा पैसे देऊन वर आणलेले असते. तरीही पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर फोन करावा. जितक्या लवकर कराल तितकी रक्कम अडवली जाण्याची आशा जास्त. माझ्या त्या बंधूने लाजेपोटी बारा दिवस घालवले.

आणि एखादे पान 'सूचना पाठवू का' असे विचारू लागले तर नाही म्हणा. एकदा हो म्हटले की संगणकात विषाणू शिरला, अमक्या नंबरावर फोन करा, असल्या पाट्या दिवसभर पडद्यावर येतात. फोन केला की पलीकडचा माणूस तुमचाच संगणक हातात घेतो.

सेतू केंद्रात किंवा दुसऱ्याच्या घरी काम करायचे असेल तर खाजगी खिडकी उघडायला सांगा. क्रोम आणि एजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एन ही तीन बटणे एकदम दाबतात, फायरफॉक्समध्ये एनच्या जागी पी. काम झाले की ती खिडकी बंद करावी, म्हणजे तुमचे नाव-गाव आणि लॉगिन मागे राहत नाही. पासवर्ड जतन करू का असे विचारल्यास परक्या यंत्रावर कधीही हो म्हणू नये. उतरवलेला सातबारा मात्र त्या यंत्रात राहतोच, तो आठवणीने पुसायला लावा. त्यात संकोच कसला? कागद आपला आहे.

राहता राहिला तो सेल. त्याचे नाव सीआर २०३२. घड्याळाच्या किंवा इलेक्ट्रॉनिकच्या दुकानात वीस-पन्नास रुपयांत मिळतो. संगणक बंद करून वायर भिंतीतून काढावी, बाजूचे झाकण उघडावे, जुना सेल नखाने उचलावा आणि अधिक खुणेची बाजू वर ठेवून नवा बसवावा. हात लावण्याआधी लोखंडी खोक्याला एकदा बोट टेकवा. मग तारीख-वेळ लावून घ्या. मांडीवरच्या लॅपटॉपचा सेल आत खोल असतो, तो दुकानातच बदलून घ्यावा, पण आपण समोर बसून.

वाचकांपैकी कोणाला आपल्या संगणकाविषयी विचारायचे असेल तर साप्ताहिकाच्या पत्त्यावर पत्र पाठवावे. पत्रात विंडोज कितवी आहे, मेमरी किती आहे आणि पडद्यावर नेमका काय मजकूर येतो तो अक्षरशः उतरवून लिहावा, इंग्रजी असला तरी एकेक अक्षर पाहून. नुसते 'चालत नाही' असे लिहिले तर मला काही सांगता येत नाही. पिवळे पडलेले पान पाहिल्याशिवाय नत्र कमी की मुळाला पाणी साचले, हेही मी सांगत नाही.